थर्मोकोलची पेटी की रॅफ्टमधली वायर?

जाड रॅफ्ट, म्हणजे बांधकामाखालचा काँक्रीटचा सलग पाया, ओतायचं ठरलं की काँक्रीट किती तापेल आणि किती सावकाश निवेल, हे कुणीतरी विचारतंच. उत्तर तापमानाच्या नोंदींवरूनच काढायचं, पण नोंदी कुठल्या? थर्मोकोलच्या पेटीतल्या नमुन्याच्या, की रॅफ्टमध्ये सोडलेल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरींच्या? खानापूर आणि निपाणी भागातल्या कामांवर मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पेटीचा मोठा गुण म्हणजे उत्तर कास्टिंगच्या आधी मिळतं. ढोबळ हिशेबाने दर घनमीटरमधल्या 100 किलो सिमेंटमागे 12 अंश वाढ धरली, तर 400 किलोला 48 होतात. ओततानाचे 30 मिळवले की गाभा 70 च्या मर्यादेपलीकडे जातो. मग सिमेंटच्या जागी कमी तापणारा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) किती घालायचा, हे पेटीवर ठरवता येतं.

पण पेटी गळते. गरम पाण्याचा डबा आत ठेवून ती किती उष्णता सोडते हे मोजायचं आणि तेवढी भर हिशेबात घालायची, ही रीत. पहिल्या दिवशी काँक्रीटचा जोर इतका असतो की ही भर किरकोळ वाटते. तिसऱ्या दिवसापासून जोर ओसरतो, गळती मात्र चालूच राहते, आणि आलेखाचं शेपूट जवळजवळ भरीचंच बनतं. मी गळती मे महिन्यात कोरड्या खोलीत मोजली होती आणि नमुना ठेवला खानापूरच्या जुलैत. सांधे ओलावलेले, शेडमध्ये पश्चिमेचा वारा. शंका आली म्हणून पुन्हा गरम पाणी ठेवलं, तर आकडा सरकलेला. म्हणजे एकूण उष्णतेचा आकडाही सरकला. काँक्रीट अजून तापतंय की पेटी फसवतेय, हे मला आठवडाभर सांगता येईना. माझं मन तिथेच फिरलं.

शिवाय एवढ्याशा नमुन्यात तापमान सगळीकडे जवळपास सारखंच असतं, त्यामुळे उष्णता आतून बाहेर कशी वाहते हे पेटी सांगत नाही. ते तक्त्यातून घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे तिथेच चूक होते. काळ्या दगडाच्या खडीच्या काँक्रीटची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण 2 वॅट प्रति मीटर-केल्विन, तर गोकाककडच्या क्वार्टझाइटसारख्या दगडाच्या काँक्रीटची 3.5 च्या आसपास. क्रशर बदलला की गाभा आणि पृष्ठभाग यांतला फरकही बदलतो.

वायरींना हा त्रास नाही. एका उभ्या रेषेत तीन: एक गाभ्यात, दोन वरच्या थरात थोड्या अंतराने. उष्णता निर्माण होणं मंदावलं की दिवस-रात्रीची लाट वरून आत उतरताना दिसते. डिफ्युझिव्हिटी, म्हणजे तापमानातला बदल काँक्रीटमधून पसरण्याचा दर, सेकंदाला एक चौरस मिलिमीटर असेल, तर 16-17 सेंटिमीटरवर लाट 37 टक्के उरते आणि जवळपास चार तास उशिरा पोचते. वरच्या दोन वायरींमधली घट आणि उशीर पाहिला की डिफ्युझिव्हिटी निघते. पृष्ठभागावर गोणपाट आहे की वारा, याने फारसं बिघडत नाही. हिवाळ्यात, पहाटे गारठा आणि दुपारी ऊन असताना, लाट छान उमटते. पावसाळी ढगांत ती फिकी पडते, हे मान्य करायला हवं.

उणिवा आहेतच. काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल लागून वायर तुटते. नुसत्या तापमानावरून उष्णतेचा निव्वळ आकडा निघत नाही. विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे 1 किलोज्यूल धरावा लागतो, घनता काँक्रीटचा क्यूब (चाचणीचा ठोकळा) तोलून मिळते. आणि उत्तर येतं ओतून झाल्यावर.

म्हणून एकच रॅफ्ट असेल आणि मिक्स नवं असेल, तर पेटी टाळता येणार नाही. पण सौंदत्तीकडच्या माळावर पवनचक्क्यांचे पाये असतात तसं एकाच मिक्सचं काम ओळीने असेल, तर मी पहिल्या पायात वायरी सोडेन आणि पुढच्यांचा हिशेब त्यावर बसवेन. प्रत्येक खोलीवर दोन-दोन, सळईला बांधलेल्या, पण टोक सळईला न टेकलेलं.