पुरस्कार पाहून सिनेमे निवडले: सोलापुरातल्या घरच्या पडद्यावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आम्ही छोटा प्रोजेक्टर घेतला आणि घरात एक नियम केला. शनिवारी रात्री लागणारा सिनेमा कुठला तरी मोठा पुरस्कार मिळालेला हवा. राष्ट्रीय पुरस्कार, कान, व्हेनिस, बर्लिन या चित्रपट महोत्सवांतलं बक्षीस, ऑस्कर, काहीही चालेल. जुना-नवा भेद नाही. आता उन्हाळा तोंडावर आलाय. एवढ्या महिन्यांनंतर मत द्यायचं तर नियम आम्ही चालूच ठेवणार आहोत, पण सगळे शिक्के सारखे कामाचे नाहीत.

बघणारे कोण तेही सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. माझे सासरे आप्पा मिलमध्ये विणकाम खात्यात होते, मिल बंद पडेपर्यंत. सासूबाई पंढरीच्या वारकरी. मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीला, नवरा अर्धा वेळ फोनवर. शिवाय वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. एवढ्या लोकांना एकाच सिनेमासमोर दोन तास बसवणं ही परीक्षा कुठल्याही ज्यूरीपेक्षा कडक आहे.

सर्वांत जास्त लक्षात राहिला तो ‘बायसिकल थीव्हज’. 1948 चा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. 1950 मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. नायकाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता. गोष्ट साधी. पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण त्यासाठी सायकल हवी आणि सायकल गहाण पडलेली. बायको एक शब्द न वाढवता पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि गहाण टाकायला नेते. पुढे दुकानातला माणूस ते गाठोडं उचलून मागच्या मांडणीवर चढायला लागतो. चढतो, आणखी चढतो, आणि आपल्याला दिसतं की मांडणी छतापर्यंत अशाच गाठोड्यांनी भरली आहे. सगळ्या शहराच्या चादरी तिथे.

चादरींच्या या गावात तो प्रसंग कसा पोहोचला असेल, विचार करा. आप्पा म्हणाले, “थांबव जरा.” मी थांबवला. “संपात आमची पितळेची घागर अशीच गेली. परत नाही आली.” सासूबाई म्हणाल्या, “घागर नव्हं, हंडा.” मग दोघांचं त्यावरच बोलणं सुरू झालं आणि उरलेला सिनेमा आम्ही रविवारी पाहिला. ही गोष्ट त्यांच्या नातवंडांनी तोवर ऐकलेली नव्हती. एका परक्या देशातल्या पाऊणशे वर्षं जुन्या सिनेमाने ती बाहेर काढली, याचं मला फार मोल वाटतं.

आता शिक्क्यांविषयी. कानमध्ये स्पर्धेतले वीसेक सिनेमे साधारण नऊ जणांचं ज्यूरी मंडळ बघतं, समोरासमोर बसून वाद घालतं आणि ठरवतं. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी अकादमीचे हजारो सदस्य मत देतात, तेही 2009 पासून पसंतीक्रम लावून. सर्वांत कमी पहिली मतं मिळालेला सिनेमा बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात आणि एखाद्याला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालतं. या पद्धतीत पुष्कळांना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा वाटणारा, कुणालाच फारसा न खटकणारा सिनेमा पुढे सरकतो, असं माझं मत झालंय. 2018 च्या सिनेमांत ‘ग्रीन बुक’ने मुख्य ऑस्कर घेतलं, ‘रोमा’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं, ऑस्करला मात्र दिग्दर्शन, छायाचित्रण आणि परभाषिक चित्रपट अशी बक्षिसं. आम्ही दोन्ही लागोपाठ पाहिले. ‘ग्रीन बुक’ सगळ्यांना आवडला आणि आठवड्याभरात कुणी त्याचं नाव काढेना. ‘रोमा’त मोलकरीण क्लेओ घरातल्या फरशा धुते, आणि त्या पाण्यात आभाळातून जाणारं विमान दिसतं, काकू अजूनही भांडी घासताना त्याविषयी बोलतात. कृष्णधवल, संथ आणि लांब सिनेमा, तरी त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. कानचं सर्वोच्च बक्षीस आणि मुख्य ऑस्कर असे दोन्ही शिक्के एकदम असलेला ‘पॅरासाइट’ मात्र घरात सगळ्यांना धरून ठेवणारा निघाला. त्यातल्या पावसाच्या रात्रीनंतर मुलगा बराच वेळ गप्प बसला होता, आणि आमच्याकडे तो गप्प बसणं ही मोठी गोष्ट आहे.

मराठीकडे येते. ‘श्यामची आई’ 1953 चा, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला. त्यानंतर मराठीला तो मान थेट ‘श्वास’ने, पन्नास वर्षांनी मिळवून दिला. दोन्ही पाहिले, दोन्हींत सासूबाई रडल्या. मी ‘श्वास’ची बाजू घेईन, कारण त्यातला आजोबा इस्पितळात ज्या गोंधळलेल्या नजरेने बघतो, ती नजर आपल्या सिव्हिलच्या आवारात गावाकडून आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर रोज दिसते. ‘कासव’ मुलीने दुसऱ्यांदा एकटीने लावून पाहिला. का, ते मी विचारलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी जास्त बोलायला लागली एवढं खरं.

‘फँड्री’ आपल्या जिल्ह्याचा म्हणून मी मुद्दाम लावला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि या सिनेमाला पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. डुक्कर पकडायला अख्खं कुटुंब धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे आहेत तिथे ताठ उभे राहतात. मुलगा हसला आणि लगेच त्याचं हसू थांबलं. पुढच्या दहा मिनिटांत घरात कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. आपल्या बोलीतला, आपल्या मातीतला सिनेमा इतका नेमका वार करतो तेव्हा पुरस्काराची चर्चा मागे पडते. पदार्पणाचे पुरस्कार हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा शिक्का. पहिल्या सिनेमात माणूस मनात वर्षानुवर्षं साठलेलं ओतत असतो.

‘कोर्ट’ हाही पदार्पणाचाच. 2014 मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट. घरचे कंटाळले, खरं सांगायला हवं. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं लांबवर, काही घडतंय असं वाटतच नाही. मी तो दुसऱ्या रात्री एकटीने पूर्ण केला. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते तो प्रसंग बघा. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर आलं तरच उतरायचा, हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. अशा सिनेमाला कुटुंबाची शनिवार रात्र ही वेळ नव्हे. दोष सिनेमाचा नाही, पण शिक्का हे आधी सांगत नाही.

नव्यांत ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. पायल कपाडिया, 2024, कानचं ग्रां प्री. इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती छाया कदम यांनी केली आहे. ‘फँड्री’त नायकाची, जब्याची आई त्याच होत्या. पार्वतीचा नवरा मिल कामगार, तो गेला, चाळीवर बिल्डर आलाय आणि राहत्या खोलीचा कागद हिच्याकडे नाही. आप्पांनी मधेच विचारलं, “ही मुंबईच ना?” हो म्हटलं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही सोलापूरच्या मिलची नावं ज्या घरात रोज निघतात तिथे या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सर्वाधिक वेळा लागलेला सिनेमा मात्र 1936 चा. प्रभातचा ‘संत तुकाराम’, व्हेनिसला 1937 मध्ये गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आहेच, पण आमच्याकडे राज्य चालतं ते आवलीचं. पोर आजारी पडल्यावर ती चप्पल हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघते, तेव्हा सासूबाई अक्षरशः टाळ्या वाजवतात. इतकी वर्षं पायी वारी केलेली बाई देवावर चिडणाऱ्या बाईला टाळ्या देते! भक्ती म्हणजे काय याविषयी मी ऐकलेल्या कीर्तनांपेक्षा मला त्या टाळ्यांतून जास्त कळलं.

वापरातल्या अडचणी. जुन्या सिनेमांच्या फुकट मिळणाऱ्या प्रती बहुधा वाईट असतात. चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, चेहरे फुगलेले, नाहीतर डोकी कापलेली. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण मूळ ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो. शक्य असेल तिथे दुरुस्त केलेली, म्हणजे रिस्टोअर्ड प्रतच शोधा. ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळली होती, त्यातून जे वाचलं त्यावर काम करून 2015 मध्ये नवी प्रत तयार झाली. मी आधी खराब प्रत लावली होती तेव्हा आप्पा झोपून गेले. नव्या प्रतीत काशफुलांतून धावणारी दुर्गा आणि अपू दिसले तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले.

माझी खरी तक्रार सबटायटल्सची आहे. मराठी जवळपास कुठेच नाहीत. दरमहा पैसे भरूनही इंग्रजीच वाचायची आणि मोठ्या माणसांसाठी मोठ्याने मराठीत सांगत बसायचं. आता हे काम मुलीने घेतलंय आणि ती माझ्यापेक्षा छान करते, तरी जगातला एवढा मोठा ठेवा आपल्या आई-वडिलांना परस्पर वाचता येऊ नये याचं मला वाईट वाटतं. ज्यांना हे करता येईल त्यांनी करावं, मी पैसे मोजायला तयार आहे.

उन्हाळ्यात खोलीत बसवत नाही, म्हणून पडदा गच्चीवर न्यायचा बेत आहे. पहिला ‘दो बीघा जमीन’ ठरलाय. 1953 चा, कानला बक्षीस मिळालेला, आणि हिंदी असल्यामुळे त्या रात्री मुलीला सुट्टी. त्यानंतर मूळच्या पंढरपूरच्या जब्बार पटेलांचा ‘सामना’, बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला. आप्पांनी तो टॉकीजला पाहिलाय आणि पुन्हा बघायचाय म्हणतात.