सहा टक्के का आठ टक्के? लातूरच्या टॅक्सवाल्या सरांचा अनुभव (4 स्टार)

माझं औश्याकडं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि रिटर्न आधी एकजण भरायचा, त्याचं नाव घेत नाही. तो दरवर्षी एवढंच विचारायचा, "सेल किती?" आणि सगळ्या सेलवर डोळे झाकून 8 टक्के नफा टाकून मोकळा. मी पण कधी विचारलं नाही, आपलीच चूक.

यंदा पाव्हण्यानी गंजगोलाईजवळच्या या सरांकडं नेलं. जिना लई अरुंद, वर पंखा एकच आणि बसायला बाकडं, तासभर बसलो. पण नंबर आल्यावर सरांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढं सरकवला आन् म्हणले शेठ तुम्हीच करा. 2024-25 चा सेल 1 कोटी 80 लाख. त्यातले 1 कोटी 30 लाख फोनपे, चेक, बँकेतून आलेले, 50 लाख रोख. इन्कम टॅक्सच्या कलम 44एडी मधी (वह्या न ठेवता सेलवर ठरावीक टक्के नफा धरायची छोट्या धंद्यांची स्कीम) बँकेतून आलेल्यावर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के धरायचे असतेत. म्हणजे 7.80 अधिक 4, झाले 11.80 लाख. नवीन रिजीममधी (टॅक्सची नवी पद्धत) टॅक्स सेससकट 80,080. सगळ्यावर 8 धरलं असतं तर 14.40 लाख आणि टॅक्स 1,33,120! मी दोनदा आकडे मारले, तेच येतंय.

उधारीचं तर मला माहीतच नव्हतं. मार्चला जी उधारी बाकी होती ती लोकांनी हरभरा विकून एप्रिल-मे मधी फोनपेवर दिली, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आत बँकेत आली तर ती पण 6 मधीच. मी विचारलं मग गल्ल्यातली रोख बँकेत भरली की 6 होईल का, तर सर नुसते हसले, गिऱ्हाइकाकडून रोख घेतली म्हणजे ती रोखच.

आता खरा वांधा. खताच्या गोणीवर सुटतंय काय हो, सगळा खर्च जाऊन माझा खरा नफा साडेपाच लाखाच्या आतच आहे, तेवढाच दाखवला तर रिबेटमुळं (ठरावीक कमाईपर्यंत टॅक्सची माफी) टॅक्स शून्य. मी म्हणलं तेवढंच दाखवा ना मग. तर सर म्हणले दाखवता येतंय, पण मग वह्या ठेवा, ऑडिट करा आणि या स्कीममधी पुढं 5 वर्षं परत येता येत नाही. 8 आणि 6 हे कमीत कमी आहे, त्याच्या खाली गेलं की दार बंद. (आणि नफा खरंच जास्त असंल तर जास्तच दाखवायचा, हे पण सांगितलं, आधीच्यानी कधीच नाही.) वरून 2025-26 पासून रिबेट 12 लाखापर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षी हाच 11.80 आला तर टॅक्स शून्य, मग यंदाच्या 80 हजारापायी 5 वर्षं ऑडिटची फी कामून भरायची? पटलं. भरले, पण मन दुखलं हेही सांगतो, न कमावलेल्या पैशावर टॅक्स भरल्यासारखं वाटतंय.

ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच भरायचा टॅक्स) या स्कीमवाल्यांनी एकाच हप्त्यात 15 मार्चच्या आत भरायचा असतो, आधीच्यानी सांगितलं नाही म्हणून व्याज पण बसलं. सरांनी पुढची तारीख माझ्याच मोबाईलमधी टाकून दिली.

आडतवाले असाल तर या कलमासाठी जाऊ नका, कमिशनच्या धंद्याला ही स्कीम नाहीच, माझ्यासमोरच एका मामाला परत पाठवलं.

एक स्टार कापला कारण जुलैमधी फोन उचलत नाहीत, चार दिवस लावला. आणि जाताना बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट एक्सेलमधी न्या, मी पासबुकाचे फोटो नेले होते, दोन हेलपाटे झाले.