यामाहा स्टेज कस्टम बर्च: सुपारीवर नेण्याजोगं किट

लग्नाचं रिसेप्शन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, शनिवारी एखाद्या हॉटेलात चौघांचा बँड, अशा सुपाऱ्या करणाऱ्या ड्रमरने बेताच्या पैशात कोणतं किट घ्यावं, असं कोणी विचारलं की मी एकच नाव सांगतो: यामाहा स्टेज कस्टम बर्च. आणि बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, 20 इंची घ्या, हे लगेच जोडीला सांगतो. मी स्वतः तेच वाजवतो, नॅचरल वुड रंगाचं.

ही मालिका 1995 पासून बाजारात आहे. आताच्या किटमधले शेल, म्हणजे ड्रमचे लाकडी पिंप, सहा थरांच्या निव्वळ बर्च लाकडाचे असतात. त्याच्या आसपासच्या किमतीत बऱ्याच ठिकाणी पॉप्लर किंवा मिश्र लाकूड मिळतं. बर्चचा ठोका टोकदार येतो, खालचा स्वर भरीव लागतो आणि मधली घुमारी कमी असते. आमच्या कामात सगळं अडतं ते या मधल्या घुमारीवर. मराठी ऑर्केस्ट्रात ड्रमर एकटा नसतो. शेजारी ढोलकी, तबला, बऱ्याचदा कोंगो, पुढे दोन कीबोर्ड. लावणी सुरू झाली की मान ढोलकीचा. त्या वेळी फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा टॉम, घुमत राहिला तर ढोलकीची धुम त्यात बुडते, मग साउंडवाला ढोलकी चढवतो, ढोलकी चढली की गायिका मॉनिटर, म्हणजे तिच्यासमोरचा स्पीकर, वाढवून मागते आणि पंधरा मिनिटांत सगळ्या स्टेजवरचे माइक शिट्ट्या मारायला लागतात. बर्चचा टॉम बोलतो आणि बाजूला होतो. हे किट आणल्यावर आमचे ढोलकीवाले काका पहिल्याच प्रयोगानंतर म्हणाले, “आज माझी धुम मला ऐकू आली रे.” कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला हे वाक्य मोठं वाटतं.

माइकच्या बाबतीतही तेच. लहान कार्यक्रमात किटला कधी तीनच माइक मिळतात: एक बास ड्रमला, एक स्नेअरला (खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा ड्रम), एक वरून. तेवढ्यात टॉम मागच्या रांगेपर्यंत पोचायचे तर ठोक्यालाच धार हवी. मेपल लाकडाचा ऊबदार, लांबणारा स्वर मलाही फार आवडतो, पण तो स्टुडिओत किंवा सगळे माइक असलेल्या मोठ्या स्टेजवर शोभतो.

आता 20 इंचाचं. बावीसचा बास ड्रमही गाडीत जातो, पण वॅगनआरची मागची सीट पाडावी लागते आणि कीबोर्डवाल्याला टेम्पोत बसावं लागतं. वीसच्या सेटमध्ये टॉम 10 आणि 12 इंची, फ्लोअर टॉम 14 इंची आणि स्नेअर 14 इंची. सगळं पिशव्यांत घालून एका गाडीत माणसांसकट मावतं. बास ड्रमची खोली 17 इंच, त्यामुळे आवाजात लहानपण जाणवत नाही. टॉमच्या क्लँपमध्ये गोळा आहे, कोन हवा तसा एका हाताने बसतो. नाट्यगृहात आधीच्या प्रयोगाचा सेट उतरून आपला चढवायला जेमतेम वेळ मिळतो, तिथे ही सोय जाणवते.

एक मात्र नीट समजून घ्या: हा शेल पॅक आहे, म्हणजे नुसते ड्रम. झांजा, पेडल, हायहॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा) स्टँड, बसायचं स्टूल, काहीच त्यात येत नाही. नवीन मुलं किमतीची तुलना करताना इथे गोंधळतात. पर्ल कंपनीच्या रोडशो सेटमध्ये स्टँड, झांजा, स्टूल सगळं एका खोक्यात मिळतं, शेल पॉप्लरचे असतात, आणि शिकणाऱ्याला तो सेट मी बिनधास्त घ्यायला सांगतो. महिन्याला चार-पाच सुपाऱ्या असतील तर मात्र शेल चांगले घ्या, बाकीचं हळूहळू जमवा. पर्लचंच एक्स्पोर्ट हा दुसरा चांगला पर्याय. 1982 पासूनचं नाव आहे, हार्डवेअर दणकट, पॉप्लर आणि महोगनीचा आवाज जरा गोलसर. रॉक वाजवणाऱ्याने ते आधी ऐकावं.

झांजांवर काटकसर करू नका. स्वस्त सेटमधल्या पितळी झांजा कानाला लागतात आणि तो कर्कशपणा कुठल्याही मिक्सरवर जात नाही. झांजा बी-20च्या बघा, म्हणजे ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के कथील. आपल्या वारकऱ्यांचा टाळ ज्या काशाचा, जवळपास तोच धातू. नवीन परवडत नसेल तर बी-20ची जुनी राइड (ताल धरायची मोठी झांज) आणि हायहॅट शोधा, क्रॅश (जोरात ठोकायची झांज) नंतर बघू.

स्किन, म्हणजे ड्रमवरचा पडदा, तीही बदलून घ्या. टॉमला रेमो कंपनीची कोटेड एम्परर, दोन थरांची, म्हणजे काठीचा मार सोसते. बास ड्रमला इव्हान्स कंपनीची ईमॅड, तिच्या कडेच्या फोमच्या रिंगने घुमारी आवरते, उशा कोंबाव्या लागत नाहीत. खालची स्किन वरच्यापेक्षा किंचित चढी लावली की टॉमचा स्वर लवकर मिटतो.

रंग लाखेसारख्या पातळ कोटिंगचा आहे, त्यावर लगेच ओरखडे उठतात, म्हणून जाड पिशव्या पहिल्याच दिवशी घ्या. कोकणात, गोव्यात कार्यक्रम असला की परत आल्यावर रिम (स्किन धरणारी धातूची कडी) आणि टेन्शन रॉड (ती ताणणारे स्क्रू) कोरड्या फडक्याने पुसून घ्या, खारी हवा क्रोम खाते.

घेण्याआधी मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये किंवा जिथे असे किट मांडलेले असतील तिथे स्वतःच्या काठ्या घेऊन जा. जुनं घेत असाल तर स्किन उतरवायला सांगा. रिकामा शेल ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा, खोलीतला दिवा मालवा आणि कडेभोवती फिरून बघा. कुठे उजेडाची फट दिसली तर ती कड बिघडलेली आहे, तो ड्रम सुरात लागणार नाही. किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.