शिष्यवृत्तीचं पत्र आलं, पण मूळ फी होतीच कुठे?

गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळच्या एका ओळखीच्या बागायतदारांनी व्हॉट्सअॅपवर एक पत्र पाठवलं. खाली लिहिलं होतं, "पोराला जर्मनीत ७५ टक्के शिष्यवृत्ती बसली. शनिवारी पैसे भरायचेत. तुमचा मुलगा तिकडं आहे म्हणून एकदा विचारतो." पत्र उघडलं आणि पोटात गोळा आला. विद्यापीठाचं नाव वेगळं होतं, बाकी ओळ न् ओळ आमच्याच पत्राची. लगेच फोन लावला, "अण्णा, एक रुपया देऊ नका, मी येतोय." त्यांचे पैसे वाचले. आमचे मागच्या वर्षी २ लाख ८५ हजार गेले. असं पत्र आणखी कुणाच्या घरात आलं असेल तर पैसे भरायच्या आधी त्यांनी हे वाचावं, म्हणून सगळं लिहितोय.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं म्हणाला. सांगलीतल्या एका एजंटकडे गेलो. कन्सल्टन्सीचे २५ हजार ठरले. ते त्याच्या कामाचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अर्ज भरताना त्याने मुलाच्या नावाने नवीन ईमेल काढला. "विद्यापीठांचे सगळे मेल एका जागी येतील, तुम्हाला त्रास नको," म्हणाला. पासवर्ड त्याने स्वतःकडेच ठेवला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढची सगळी फसवणूक त्या एका पासवर्डवर उभी राहिली, कारण विद्यापीठ काय कळवतंय ते आम्हाला थेट दिसतच नव्हतं. तो जे पाठवायचा तेवढंच आम्ही बघायचो.

जूनमध्ये त्याने ऑफिसात बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स आणि दोन कागद. एक प्रवेशाचा, एक शिष्यवृत्तीचा. शिष्यवृत्तीच्या पत्रावर लिहिलं होतं: वार्षिक फी ९,००० युरो, शिष्यवृत्ती ७५ टक्के, भरायची रक्कम २,२५० युरो. ही रक्कम दहा दिवसांत भरली नाही तर जागा पुढच्याला जाणार. पैसे "विद्यापीठाचे भारतातले प्रतिनिधी" म्हणून त्याच्याच खात्यावर भरायचे, आणि शिष्यवृत्ती मिळवून दिल्याची प्रोसेसिंग फी ६० हजार, तीही रोख. घरी आल्यावर मुलाच्या आईने ते पत्र देवापुढे ठेवलं.

कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा दिवाळीच्या तोंडावर काढायचा विचार होता. तो जूनमध्येच सौद्याला लावला, पडेल त्या दराने दिला. २ लाख २५ हजारांचं आरटीजीएस केलं आणि ६० हजार त्याच्या हातात दिले.

बेदाण्याच्या सौद्यात बॉक्स फोडल्याशिवाय, मूठभर माल हातावर घेऊन रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. आम्ही आयुष्यभर त्यात वावरलेली माणसं. पण इथे शिष्यवृत्ती किती मिळाली, एवढ्याच आनंदात राहिलो. त्या विद्यापीठाची मूळ फी किती, हे घरात एकानेही विचारलं नाही.

उलगडा बँकेत झाला. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम मिळते अशा खात्यात) दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. त्यासाठी शैक्षणिक कर्जाचं प्रकरण केलं होतं. कर्ज विभागातल्या मॅडमनी कागद चाळले आणि शिष्यवृत्तीच्या पत्रावर थांबल्या. "काका, हे विद्यापीठ सरकारी आहे ना? मग ट्यूशन फी कसली भरताय?"

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही ट्यूशन फी घेत नाहीत. दर सेमिस्टरला एक वर्गणी असते, साधारण १०० ते ४०० युरो. पुष्कळ ठिकाणी तिच्यातच बस-ट्रेनचा पास येतो. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. खासगी विद्यापीठांची फी तर भरपूर असते. आमचं विद्यापीठ यातल्या कशातच बसत नव्हतं. जी फी नव्हतीच, तिच्यावरची सूट आम्ही विकत घेतली होती.

मुलाने त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवरून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला दोन्ही पत्रं पाठवली. दोन दिवसांत उत्तर आलं, "प्रवेश खरा आहे, ट्यूशन फी नाही, शिष्यवृत्तीचं पत्र आमचं नाही." मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. जर्मन भाषेत 'विद्यापीठ' या शब्दातल्या एका 'ए' अक्षरावर दोन टिंबं असतात. प्रवेशाच्या पत्रावर ती होती, शिष्यवृत्तीच्या पत्रावर नव्हती. इतकी साधी गोष्ट, पण तोवर ते दोन कागद आम्ही शेजारी ठेवलेच नव्हते.

खऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्यांच्या अर्जाला पैसे पडत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेचा अर्ज विद्यार्थी स्वतः भरतो. आपल्याकडे मराठा, कुणबी मुलांसाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. सारथीचं विचारलं तेव्हा एजंट म्हणाला होता, "सरकारी काम आहे, त्यात वर्ष जाईल." आम्ही ऐकलं. जे पैसे खरंच लागतात, त्यांची पावती थेट त्या संस्थेची येते. कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचे १८ हजार, विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ युरो. ब्लॉक्ड अकाउंटही विद्यार्थ्याच्याच नावावर असतं आणि त्यातले पैसे तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे त्यालाच परत मिळतात. यातलं काहीही एजंटच्या खात्यावर भरायचं नसतं.

जाब विचारायला गेलो तर आधी "फॉर्मॅलिटी असते," मग "वरच्या ऑफिसची चूक झाली," आणि शेवटी दार बंद. पोलिसांत अर्ज दिल्यावर एक लाखाचा चेक आला, तो वटला. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आरटीजीएसची नोंद बँकेत आहेच. रोख दिलेल्या साठ हजारांची पावती नाही, पण "साहेब, साठ पोचले" असा त्याचा व्हॉइस मेसेज मुलाने जपून ठेवला होता. तो दाखल केलाय.

मुलगा ऑक्टोबरमध्ये गेला, सेमिस्टरची वर्गणी त्याने स्वतः भरली. कवठेमहांकाळच्या अण्णांनी त्यांचं पत्र आणि सोबत शपथपत्र द्यायचं कबूल केलंय. पुढच्या तारखेला ते दोन्ही आयोगापुढे ठेवणार आहे.