नासाचा अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंचा साठा: उत्तम, पण शोधायचं कसं ते कळायला हवं

नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरचं ‘गेटवे टू अ‍ॅस्ट्रोनॉट फोटोग्राफी ऑफ अर्थ’ हे संकेतस्थळ म्हणजे खजिना आहे. १९६० च्या दशकातल्या मर्क्युरी मोहिमांपासूनचे (नासाच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमा) फोटो इथे फुकट मिळतात. फोटोसोबत कॅमेरा, फोकल लेंग्थ (लेन्स दूरचं किती जवळ आणते ते), ढगांचं प्रमाण, सूर्याची क्षितिजापासूनची उंची अशी नोंद असते. फोटोग्राफी शिकणाऱ्याने ती आधी वाचावी.

शोधताना मात्र हमखास फसगत होते. नोंदीत दोन जागा असतात: यानाच्या थेट खालचा बिंदू आणि फोटोचा मध्य. यान मुंबईवर असलं तरी तिरक्या धरलेल्या कॅमेऱ्यात शेकडो किलोमीटर दूरचा प्रदेश येऊ शकतो. त्यामुळे शोध मध्यबिंदूवरूनच घ्यावा. पण बऱ्याच फोटोंचा मध्य नोंदवलेलाच नाही, ही खरी उणीव. फोटोत उत्तर दिशा वर असेलच असंही नाही. किनारा, नदी नकाशाशी जुळवून घ्या.

रात्रीचे फोटो मूळ आकारात उघडून तपासा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाखालची जमीन सेकंदाला ७ किमीहून जास्त वेगाने सरकते, म्हणजे शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात २३० मीटरहून अधिक. कॅमेरा त्या वेगाने फिरवला नाही तर दिव्यांच्या रेघा होतात, आणि छोट्या प्रतीत त्या दिसतच नाहीत.