युक्रेन युद्ध ऑनलाइन कुठे वाचावं: नकाशे, टेलिग्राम की सावकाश येणारे अहवाल?

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला, तेव्हापासून या युद्धाबद्दल इतकं काही फुकट उपलब्ध आहे की निवड करणंच अवघड जातं. थेट नकाशे, टेलिग्राम चॅनेल, रोजचे अहवाल, वृत्तसंस्था, हिंदी-मराठी यूट्यूब. कामधंदा सांभाळून दिवसाला वीस मिनिटं देणाऱ्या वाचकाने यातलं काय धरावं आणि काय सोडावं? माझं मत सुरुवातीलाच मांडतो: जो स्रोत आपली चूक उघडपणे दुरुस्त करतो तो धरावा, मग तो एक दिवस मागे राहिला तरी चालेल.

दोन नकाशे

बहुतेकांची सुरुवात नकाशापासून होते आणि ती योग्यही आहे. डीपस्टेट हा युक्रेनमधल्या तरुणांनी चालवलेला नकाशा. रशियाच्या ताब्यातला भाग लाल आणि जिथे कुणाचा ताबा हे ठरत नाही तो पट्टा करडा. हा करडा पट्टाच लक्ष देऊन पाहावा, कारण ड्रोनमुळे आता आघाडी अशी एक रेघ उरलेलीच नाही. दोन्ही बाजूंचे सैनिक दोघे-तिघे मिळून, तुटक तुटक, एकाच गावात असू शकतात. डीपस्टेटचे युक्रेनी सैन्याशी जवळचे संबंध आहेत, पण वाईट बातमी तो दडवत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पूर्व युक्रेनमधल्या दोब्रोपिल्या शहराजवळ रशियन तुकड्या खोलवर घुसल्याचं या नकाशाने दाखवलं, तेव्हा युक्रेनचे लष्करी प्रवक्ते ‘छोटे गट आहेत’ एवढंच सांगत होते.

दुसरा नकाशा वॉशिंग्टनमधल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर’ या अभ्याससंस्थेचा. तिच्या अहवालात जवळजवळ प्रत्येक विधानाला तळटीप असते, आणि नकाशावर रशियाने केलेला दावा व संस्थेने स्वतः पडताळलेली आगेकूच हे दोन वेगळ्या रंगांत दिसतं. संस्थेचा कल उघडपणे युक्रेनच्या बाजूने आहे. अमेरिकेने काय करावं हेही ती सांगते; तो भाग मत म्हणून वाचावा.

हे दोन रंग किती उपयोगी पडतात याचं उदाहरण म्हणजे ईशान्य युक्रेनमधलं कुपियान्स्क शहर. 20 नोव्हेंबर 2025 ला रशियाच्या लष्करप्रमुखांनी पुतिन यांना हे शहर ताब्यात आल्याचं सांगितलं आणि ती बातमी जगभर गेली. 12 डिसेंबरला झेलेन्स्की यांनी शहराच्या वेशीवर, नावाच्या फलकापुढे उभं राहून व्हिडिओ काढला. नुसते मथळे वाचणाऱ्याच्या डोक्यात तीन आठवडे चुकीचं चित्र होतं. दावा आणि पडताळणी वेगळी ठेवणारा नकाशा पाहणाऱ्याला मात्र तिथे अजून लढाई चालू आहे हे दिसत होतं.

दोन्हींतला एकच घ्यायचा तर ज्यांना रोज बघायचंय त्यांनी डीपस्टेट घ्यावा. आठवड्यातून एकदा नीट बसून वाचणाऱ्यांसाठी वॉशिंग्टनचा अहवाल बरा. माझ्या मते दुसरा मार्ग चांगला, कारण आघाडी इतकी सावकाश सरकते की रोज पाहून हाती फारसं काही लागत नाही.

टेलिग्राम आणि एक्स

वेगात यांच्या जवळपासही कुणी येत नाही. रिबारसारख्या रशियन चॅनेलचे अनुयायी दहा लाखांच्या पुढे आहेत आणि कधीकधी रशियाच्या अपयशाची पहिली कबुली अशाच ठिकाणी मिळते. पण इथे प्रत्येक क्लिप कुठली, कधीची, कुणी काढली हे तपासायचं काम वाचकावर येतं. युद्धाच्या पहिल्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. एकट्याने अनेक रशियन विमानं पाडणारा ‘कीवचा भुताटकी वैमानिक’ ही दंतकथा असल्याचं युक्रेनच्या हवाई दलाने दोन महिन्यांनी मान्य केलं.

घाईची झळ मोठ्या वृत्तसंस्थांनाही बसते. 15 नोव्हेंबर 2022 ला पोलंडच्या प्शेवोदुफ गावात क्षेपणास्त्र पडून दोघे ठार झाले. रशियन क्षेपणास्त्रं नाटो देशात शिरल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने एका निनावी अधिकाऱ्याच्या हवाल्याने दिली, आणि काही तास जग महायुद्धाच्या भाषेत बोलत होतं. ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र असल्याचं पुढे पोलंड आणि नाटोने सांगितलं. असोसिएटेड प्रेसने बातमी मागे घेतली, कारणासह. टेलिग्रामवर अशी चूक बहुतेक वेळा गुपचूप पुसली जाते.

आपल्याकडच्या यूट्यूब चॅनेलांबद्दल थोडक्यात: व्हिडिओच्या लघुप्रतिमेवर (थंबनेल) अणुबॉम्ब आणि प्रश्नचिन्ह दिसलं की पुढे जावं.

मोजणारे

हानीचे आकडे दोन्ही सरकारं आपापल्या सोयीने देतात. म्हणून ओरिक्स या संकेतस्थळाची, नष्ट झालेल्या लष्करी सामग्रीची यादी महत्त्वाची. फोटो किंवा व्हिडिओ असलेला रणगाडाच त्यात मोजला जातो, त्यामुळे तो आकडा किमान समजावा. माणसांच्या बाबतीत मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा मृत रशियन सैनिकांची नावं शोकसंदेश आणि कबरींवरून एकेक करून गोळा करतात. ही यादी एक लाखाच्या वर गेली आहे. ती पाहताना प्रत्येक ओळीमागे एक घर आहे हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

जगावर आणि आपल्यावर होणारे परिणाम

आघाडीचा नकाशा कितीही पाहिला तरी सूर्यफूल तेल का महागलं हे त्यातून कळणार नाही. युद्धापूर्वी आपलं बहुतांश सूर्यफूल तेल युक्रेनमधून येई. मार्च 2022 मध्ये जागतिक खाद्यतेलाच्या किमतींनी उच्चांक गाठला आणि 13 मे 2022 ला भारताने गव्हाची निर्यात थांबवली. हे समजायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा मासिक किंमत निर्देशांक पुरतो.

कच्च्या तेलासाठी हेलसिंकीतलं ‘सेंटर फॉर रिसर्च ऑन एनर्जी अँड क्लीन एअर’ पाहावं. रशियाचं तेल कोणत्या देशात किती गेलं, हे ते दरमहा प्रसिद्ध करतं. त्यात चीननंतर भारताचं नाव येतं. याच खरेदीचं कारण देऊन अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 25 टक्के जादा शुल्क लावलं आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिने कारखान्यांना त्याचा फटका बसला. कोणत्या देशाने युक्रेनला किती मदत दिली यासाठी जर्मनीतल्या कील संस्थेचा तक्ता चांगला: जाहीर केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष नेमून दिलेली रक्कम त्यात वेगळी असते.

बँकेत, निर्यातीत किंवा शेतमालाच्या व्यापारात असणाऱ्यांनी नकाशा सोडून फक्त हे तीन स्रोत ठेवले तरी चालेल. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी त्याला वॉशिंग्टनच्या अहवालाचं आठवड्यातून एक वाचन जोडावं.

घरचं कुणी त्या भागात शिकत किंवा काम करत असेल, तर वरचं सगळं दुय्यम. भारतीय दूतावासाची सूचना आधी पाहावी. 15 फेब्रुवारी 2022 लाच कीवच्या दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरतं देश सोडण्याचा सल्ला दिला होता. 2 मार्चला खार्किवमधल्या भारतीयांनी संध्याकाळी सहापर्यंत, वाहन नसेल तर पायी, पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठावं ही सूचना दूतावासाच्या ट्विटर खात्यावर आली. ते खातं आणि दूतावासाचे दूरध्वनी आजच जपून ठेवा.