आठ महिने डिजिटल व्हर्निअर वापरल्यावर: गॅसच्या एका बटणाची गोष्ट

आमच्या जुन्या शेगडीचं एक बटण आतून तडकलं. आई पक्कडीने दांडी फिरवून गॅस लावायची. ते बघवत नव्हतं आणि तसलं बटण बाजारात मिळत नव्हतं. म्हणून 150 मिमीचा डिजिटल व्हर्निअर (वस्तू जबड्यांत धरून तिचं माप पडद्यावर दाखवणारं साधन) घेतला आणि शाबूत असलेलं दुसरं बटण मोजून, थ्रीडी प्रिंटरवर तसंच छापण्यासाठी, फ्रीकॅड या संगणकावर मॉडेल बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उभं करायला घेतलं. त्याला आता आठ महिने झाले.

पडद्यावर 0.01 मिमीपर्यंत आकडा दिसतो, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. या किमतीच्या व्हर्निअरमध्ये 0.02-0.03 मिमीचा फरक धरूनच चालावं. पडताळणीसाठी मी ठरलेल्या मापाचं 608 नंबरचं बेअरिंग ठेवलंय: बाहेरून 22, आतून 8, जाडी 7 मिमी. जबडे कागदाने पुसायचे, मिटून शून्य करायचं, मग बेअरिंग मोजायचं. बाहेरचं माप बरोबर येतं, आतलं 8 मात्र 7.95 च्या आसपास. आतल्या जबड्यांच्या कडा किंचित सपाट असतात आणि लहान गोल भोकात त्या नीट टेकत नाहीत.

तक्रार एकच, सेलची. व्हर्निअर बटण दाबून बंद केला तरी आतून वीज खातच राहतो, त्यातला एलआर44 हा छोटा गोल सेल दोन-अडीच महिन्यांत संपतो. आता त्याच आकाराचा पण जास्त टिकणारा एसआर44 टाकतो आणि काम झालं की काढून ठेवतो.

खरी कसोटी लागली ती शेगडीच्या बटणाच्या आतल्या डी आकाराच्या भोकापाशी. जबडे खोलवर जातच नव्हते. दोन दिवस झटापट केल्यावर सुचलं, भोक कशाला मोजायचं? ज्या दांडीवर ते बसतं ती मोजू! दांडी 7.94, 7.92, 7.95 भरली, म्हणजे मुळात 8 ची. सपाट बाजूपासून समोरच्या कडेपर्यंत 6.4. प्रिंटमध्ये भोक जरा आवळून येतं, म्हणून सगळं बटण न छापता 5 मिमी उंचीच्या तीन चकत्या काढल्या, भोकाचं माप 8.1, 8.2 आणि 8.3. त्यातली 8.2 ची टक्कन बसली.

बटणाचा बाहेरचा व्यास वर 36.1 आणि खाली 37.4. आधी वाटलं मोजण्यात चूक होतेय, तीनदा मोजलं. मग कळलं, साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून मुद्दाम ठेवलेला उतार आहे तो. मोजमाप घेताना असा प्रश्न पडला की मला फार बरं वाटतं, कारण ती वस्तू बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते दिसायला लागतं.

फ्रीकॅडमध्ये सगळी मापं स्प्रेडशीटच्या खान्यांत ठेवा. 8.1 चं 8.2 केलं की मॉडेल आपोआप बदलतं. नोव्हेंबर 2024 च्या 1.0 आवृत्तीपासून सुरुवातीचं स्केच (मूळ रेखाटन) बदललं की त्यावर पुढे गोल केलेल्या कडा मॉडेलमध्ये तुटण्याचा त्रास बराच कमी झालाय. त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी बदलून घ्या.

पहिलं बटण पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचं छापलं, आणि मोठ्या पातेल्याखालची आच लागून आठवड्यात वाकडं झालं. पीएलए 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतं. दुसरं जास्त उष्णता सोसणाऱ्या एबीएस प्लास्टिकचं केलं, ते पाच महिने घट्ट बसलंय. पक्कड परत अवजारांच्या डब्यात गेली.